मोहरीएवढं जनावर

भांडण सेव-उसळीवरून सुरू झालं नव्हतं, पण उसळ गार होईपर्यंत संपलंही नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याचा ओटा, रविवारची सकाळ, मामांच्या मांडीवर बशी आणि भाच्याने त्यांच्या नाकासमोर धरलेला मोबाइल. पडद्यावर बिगफूटचं, म्हणजे अमेरिकेतल्या जंगलांत राहतो म्हणतात त्या केसाळ वानरमाणसाचं, तेच ते चित्रण होतं. नदीच्या कोरड्या पात्रात पडलेले ओंडके, मागे झाडी, आणि त्यातून डावीकडून उजवीकडे चाललेली एक काळी, केसाळ आकृती. लांब हात हलवत जाते, मध्येच खांद्यापासून वळून कॅमेऱ्याकडे बघते आणि काही झालंच नाही अशी पुढे निघून जाते. कॅलिफोर्नियातलं ब्लफ क्रीक, २० ऑक्टोबर १९६७, कॅमेरा रॉजर पॅटरसनच्या हातात, सोबत बॉब गिमलिन. इतकं सगळ्यांनाच ठाऊक असतं. नवीन होती ती भाच्याची प्रत. एआयने साफ केलेली. "मामा, बघा ना, गालावरचे केस दिसतायत. डोळ्याखाली सुरकुत्यासुद्धा आहेत. आता कोण म्हणेल हा पोशाख आहे?" मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडदा जवळ ओढला आणि विचारलं, "ह्या सुरकुत्या घातल्या कुणी?" भाचा म्हणाला, "घातल्या नाहीत हो, काढल्या. आत होत्या, त्या बाहेर काढल्या." मामा म्हणाले, "आत म्हणजे कुठे?"

ह्या 'आत म्हणजे कुठे'ला भाच्याकडे उत्तर नव्हतं. मामांनी एके काळी शाळेत १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर चालवलेला. ते उठले आणि आतून बिस्किटांचा एक गंजका डबा घेऊन आले. डब्यात एका जुन्या सरकारी शेतीपटाचा हातभर तुकडा होता, एका कडेने भोकं पडलेला, व्हिनेगरसारखा आंबूस वास मारणारा. उन्हाकडे धरला की एकाखाली एक चौकटी, फुटाला चाळीस. प्रत्येक चौकट साधारण दहा मिलिमीटर रुंद आणि साडेसात मिलिमीटर उंच. लांबवर बांधावरून एक शेतकरी चाललेला. मामांनी भाच्याला मिसळणाच्या डब्यातून मोहरीचा एक दाणा आणायला लावला आणि फिल्मवर ठेवला. शेतकरी दिसेनासा झाला.

हिशेब कुणालाही करता येईल असा आहे. पॅटरसनची फिल्मही १६ मिलिमीटरचीच, आणि त्याच्या कॅमेऱ्यावर २५ मिलिमीटरचं भिंग होतं असं सहसा धरतात. आकृती शंभर फुटांवर, म्हणजे तीस मीटरवर, आणि उंची साडेसहा फूट, म्हणजे दोन मीटर धरली, तर फिल्मवर तिची उंची भरते जेमतेम १.७ मिलिमीटर. त्यात डोकं ०.२ मिलिमीटरचं. हातात धरलेल्या, धावताना हिसके खाणाऱ्या कॅमेऱ्याने एका मिलिमीटरचा शंभरावा भाग जरी स्वच्छ टिपला तरी कौतुक करावं, आणि तो शंभरावा भाग म्हणजे तीस मीटरवरच्या त्या अंगावरचा १२ मिलिमीटरचा पट्टा. करंगळीएवढा. म्हणजे करंगळीहून बारीक जे काही असेल, केस, सुरकुती, पापणी, शिवण, चेन, ते ह्या फिल्मवर उतरणं फार अवघड. मग यंत्राने ते आणलं कुठून? हजारो चेहरे बघून त्याला चेहरा कसा असतो हे पाठ झालेलं असतं. दोन काळे ठिपके आणि खाली एक आडवी सावली दिसली की उरलेला चेहरा ते पदरचा घालतं. राईचा पर्वत करणं हा वाक्प्रचार इतक्या शब्दशः खरा ठरलेला क्वचितच बघायला मिळतो.

आणि गंमत अशी की हेच यंत्र उलट्या बाजूच्या माणसाने वापरलं तर पाठीवर चेनही काढून देईल.

ह्या चित्रणावरचा वाद इतकी वर्षं चिघळत राहिला त्याचं एक कारण मला 'खरं' ह्या शब्दात दिसतं. फिल्म खरी आहे का, आणि फिल्ममधलं खरं आहे का, हे दोन वेगळे प्रश्न. त्या दिवशी कॅमेऱ्यासमोरून जे गेलं तेच फिल्मवर आहे, कुठे जोडकाम नाही, दुहेरी छपाई नाही, हे पूर्ण सिद्ध झालं तरी समोरून माणूस गेला की जनावर हे ठरत नाही. पोशाखातल्या माणसाचं चित्रणसुद्धा शंभर टक्के अस्सल चित्रणच असतं. तरी दर चर्चेत कुणीतरी फिल्ममध्ये फेरफार नाही एवढं दाखवून देतो आणि जनावर सिद्ध झाल्यासारखा बसतो. समोरचा पॅटरसनचं चारित्र्य काढतो. चारित्र्यात काढण्यासारखं होतंही. भाड्याने आणलेला कॅमेरा वेळेत परत न केल्याबद्दल त्याच्यावर वॉरंट निघालं होतं, आणि तो जंगलात गेला होता तोच ह्या प्राण्यावर माहितीपट करायला. ज्याच्या शोधात निघावं ते नेमकं समोर यावं आणि हातात कॅमेरा असावा, हा योग संशय घेण्याजोगाच. पण कॅमेरा बुडवणारा माणूस जनावर बघू शकत नाही असं थोडंच आहे? २००४ साली बॉब हेरॉनिमस नावाच्या माणसाचा, पोशाखात मीच होतो, हा दावा एका पुस्तकात आला. त्याच पुस्तकात फिलिप मॉरिस ह्या पोशाखवाल्याने, पॅटरसनला गोरिलाचा पोशाख मी विकला, असं सांगितलं. प्रकरण मिटायला हवं होतं. पण एकाचा पोशाख घोड्याच्या कातड्याचा, दुसऱ्याचा कृत्रिम फरचा, आणि प्रत्यक्ष पोशाख कुणाकडेच नाही. गिमलिनने आपलं म्हणणं कधी बदललं नाही. पॅटरसन १९७२ मध्येच कर्करोगाने गेला.

माणसांना बाजूला ठेवून यंत्राकडे वळलं की खरी अडचण कळते, आणि ती आहे एका आकड्याची. कॅमेरा होता सिने-कोडॅक के-१००, चावीचा. किल्ली द्यायची, घोडा दाबायचा, स्प्रिंग फिल्म ओढत राहते. सेकंदाला किती चौकटी ओढायच्या हे एका चकतीवर ठरतं, आणि ती चकती मधल्या कुठल्याही जागी थांबू शकते. पॅटरसन एरवी २४ वर चित्रण करायचा. नंतर पाहिलं तर चकती १८ वर होती, असं त्याचं म्हणणं नोंदलेलं आहे. पण ह्या कॅमेऱ्याच्या चकतीवर १८ चा आकडाच नाही. १६, २४, ३२, ४८, ६४ एवढेच आकडे. आकृती दिसते त्या भागात ९५४ चौकटी मोजल्या गेल्यात. सेकंदाला १६ धरल्या तर तो प्रसंग मिनिटभराचा, १८ धरल्या तर ५३ सेकंदांचा, २४ धरल्या तर चाळीस सेकंदांच्याही आत आटोपलेला. १९७१ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधल्या डी. डब्ल्यू. ग्रीव्ह ह्या चालीच्या अभ्यासकाने ह्याच गाठीवर बोट ठेवलं. वेग २४ असेल तर ही चाल माणसाच्या नेहमीच्या चालीहून वेगळी काढता येत नाही, १६ किंवा १८ असेल तर काही बाबतींत ती बरीच वेगळी आहे. एवढा प्रामाणिक निष्कर्ष ह्या प्रकरणात दुसऱ्या कुणाचा नसेल, आणि दोन्ही बाजूंनी तो आपापल्या सोयीने अर्धाच उचलला.

बरं, चित्रातूनच वेग काढता येईल का? एखादी वस्तू पडताना दिसली असती तर काम झालं असतं. झाडावरून सुटलेला शेंगदाण्याएवढा खडासुद्धा पहिल्या सेकंदात पाच मीटरच्या थोडं आत येतो, मग तो किती चौकटींत किती खाली आला एवढंच मोजायचं. पण ह्या चित्रणात काही पडत नाही. मग चालीवरून काढायचा. तर पायांचा हेलकावा पायांच्या लांबीवर, लांबी उंचीवर, आणि उंची काढायला भिंग आणि अंतर दोन्ही पक्कं हवं. भिंग २५ ऐवजी १५ मिलिमीटरचं होतं असं धरलं, तसं धरणारेही आहेत, की तीच मोहरी एका फटक्यात पावणेदोन पटीच्या जवळ फुगते. बिगफूटचा माग काढणाऱ्या जॉन ग्रीनने १९६८ मध्ये त्याच जागी जिम मॅक्लॅरिन ह्या साडेसहा फुटांच्या आतबाहेरच्या माणसाला चालायला लावून चित्रण केलं आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवली. कल्पना उत्तम. पण कॅमेरा नेमका पहिल्याच जागी होता का, मॅक्लॅरिनचे पाय नेमके त्याच वाटेवर पडले का, ह्यावर पुन्हा तंटे. काही रशियन अभ्यासकांनी पॅटरसनच्या धावण्याचे हिसके मोजून वेग १६ काढला. तेही हुशारीचं, फक्त प्रत्येक हिसका म्हणजे एक पाऊल हे मान्य करायला हवं. हातात कॅमेरा घेऊन दगडधोंड्यांतून पळून बघा, एका पावलाला दोन हिसके सहज बसतात. उंचीचे अंदाज सहा फुटांपासून सात फुटांच्या वरपर्यंत पसरले आहेत ते उगाच नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त सलते ती धुलाई. फिल्म होती कोडाक्रोम. ज्यांनी साध्या रंगीत फिल्मचे रोल स्टुडिओत दिलेत त्यांना वाटेल, धुवून आणली असेल कुठूनतरी. कोडाक्रोमचं तसं नव्हतं. इतर रंगीत फिल्मांच्या थरांत रंग तयार करणारी द्रव्यं आधीच मिसळलेली असतात. कोडाक्रोममध्ये ती नसायची. तिचे तीनही थर मुळात काळे-पांढरे, आणि रंग धुलाईत भरायचा. आधी काळं-पांढरं डेव्हलप करायचं, मग एका बाजूने लाल उजेड पाडून एका थरात निळसर हिरवा, दुसऱ्या बाजूने निळा उजेड पाडून दुसऱ्यात पिवळा, आणि शेवटी उरलेल्या थरात किरमिजी. प्रत्येक रंगाचा डेव्हलपर वेगळा, तापमान जरा हललं की रंग गेला. घरच्या न्हाणीघरात बादल्या मांडून होणारं हे काम नव्हे. त्यासाठी मोठं यंत्र आणि रसायनं तपासणारा जाणकार लागायचा, म्हणून प्रयोगशाळाही मोजक्याच. कॅन्ससमधल्या शेवटच्या प्रयोगशाळेने २०१०च्या डिसेंबरअखेर नवे रोल घेणं थांबवलं तेव्हा जगात दुसरीकडे कुठे सोयच राहिली नाही. आता तारखा बघा. चित्रण शुक्रवारी दुपारचं, गावापासून दूर जंगलात. आणि रविवारी ती फिल्म वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमात, पॅटरसनच्या मेहुण्याच्या घरी, भिंतीवर चालू होती. मध्ये शनिवार. कुठे धुतली, कुणी धुतली, कुणाला सांगून उघडलं, ह्याचा पटणारा कागद आजवर पुढे आला नाही. ओळखीने सुट्टीच्या दिवशी यंत्र चालू करून घेणं अशक्य नसेल. पण मग चित्रण शुक्रवारचंच कशावरून? आठवडाभर आधीचं असेल तर सगळा हिशेब आरामात बसतो. जनावराच्या नितंबांवर पानंच्या पानं खर्च झाली. त्याऐवजी धुलाईची एक पावती सापडती तर बरं झालं असतं.

मूळ रीळही आज कुणाला हाताळायला मिळत नाही. आपण बघतो त्या प्रतींच्या प्रती. प्रतीवरून प्रत काढली की प्रत्येक वेळी उजेड-अंधारातला फरक वाढतो, काळ्यातले बारीक छटाभेद गिळले जातात आणि कडा कडक होतात. मांडीवरचा स्नायू हलताना दिसतो म्हणतात ना, तो असेलही. पण तिसऱ्या-चौथ्या प्रतीत फरवरची साधी घडीही तशीच थरथरते.

राहता राहिला पोशाख. आपल्याकडे गणपतीत बालनाट्याला अस्वल लागतंच, त्यामुळे ह्या विषयातले जाणकार गल्लोगल्ली भेटतात. एका मोठ्या माणसाच्या पोशाखाला पाच फूट पन्ह्याचं फरचं कापड चार-साडेचार मीटर लागतं. ते कात्रीने कापायचं नाही. उलट्या बाजूने, ब्लेडने फक्त केसांमागचं कापड चिरायचं, नाहीतर काठाचे केस छाटले जातात आणि शिवण ढळढळीत दिसते. शिवून झाल्यावर सुईने शिवणीत अडकलेले केस उपसून बाहेर घ्यायचे. केसांचा कल सगळीकडे खालीच हवा. एक बाही उलटी लागली की ती उजेडात वेगळीच चमकते आणि पहिल्या रांगेतली पोरं हसतात. बिघडतं कुठे, तर काखेत, जांघेत आणि मानेत. केसांमागचं कापड ताणलं जात नाही म्हणून हात वर केला की काख उसवते. ती उसवू नये म्हणून सैल ठेवली की चालताना झोळ पडतो. मुखवटा आणि धड ह्यांच्या सांध्यावर कॉलर सरकते. चित्रणातल्या आकृतीला काख, जांघ, मान कुठेच झोळ दिसत नाही, हा पोशाख नाही म्हणणाऱ्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा, आणि १९६७च्या बाजारात मिळणाऱ्या फरचा विचार केला तर तो खरोखर बळकट आहे. फक्त मोहरी विसरायची नाही. करंगळीएवढा झोळ त्यात दिसणारच नाही.

पण त्याच अस्वलाला स्टेजवर चालताना बघितलं की दुसरं काहीतरी दिसतं. मुखवट्याला भोकं दोन आणि तीही समोर, म्हणून बाजूला बघायचं तर मान वळवून भागत नाही, अख्खे खांदे वळवावे लागतात. पायांत बुटावर फोमचे पंजे असतात. पुढचं टोक अडखळतं, म्हणून पाऊल नेहमीपेक्षा वर उचलावं लागतं आणि गुडघा जरा वाकलेलाच राहतो. खाली दिसत नसल्यामुळे टाच आपटत नाही, सगळा तळवा अंदाजाने टेकतो. कुणी शिकवत नाही, पोशाख शिकवतो. आणि ३५२व्या चौकटीत खांद्यापासून वळून बघणं, वाकलेल्या गुडघ्यांची मऊ चाल, पावलाचं वर उचलणं ही सगळी माणूस नसल्याची लक्षणं म्हणून सांगितली जातात! आखूड मानेच्या वानरालाही असंच वळावं लागेल, हेही तितकंच खरं. ह्या चित्रणातला जवळजवळ प्रत्येक पुरावा असा दोन्ही खिशांत मावतो.

प्राणिशास्त्रवाल्यांचंही तेच झालं. जॉन नेपियर म्हणाले, डोक्यावर उभा हाडाचा कंगोरा असल्यासारखं शिखर दिसतं, तो कंगोरा मोठ्या वानरांत नराला असतो, आणि इथे तर छातीवरून मादी दिसते. ग्रोव्हर क्रांट्झनी उत्तर दिलं, कंगोरा लिंगावर नाही, जबड्याच्या आकारावर ठरतो, जबडा पुरेसा मोठा असेल तर मादीलाही येईल. दोघेही हाडांबद्दल बोलत होते आणि हाड एकही नव्हतं. बडोद्याच्याच कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सत्तरेक फुटांचा सांगाडा आहे, १९४४ साली महीच्या मुखाशी लागलेला. त्याच्याखालून शाळेच्या रांगा जातात. पोरं मान वर करून बरगड्या मोजतात, कुणी त्याच्या खरेपणावर चर्चा करत नाही. यतीच्या, म्हणजे हिममानवाच्या, म्हणून जपलेल्या नऊ नमुन्यांचा डीएनए २०१७ साली तपासला तेव्हा आठ अस्वलांचे आणि एक कुत्र्याचा निघाला. निकाल निराशाजनक, पण निकाल होता. तपासायला हातात काहीतरी होतं.

संध्याकाळी त्याच वाड्यात भाच्याने एक प्रयोग केला. डोक्यात वेग बसला होता. चौकात कपडे वाळत घालायच्या दोरीखालून धाकट्या भावाला गुडघे वाकवून, हात सैल सोडून चालायला लावलं, अंगावर आजीची काळी शाल. मोबाइलवर चित्रण घेतलं आणि एका फुकटच्या ॲपमध्ये त्याच चालीच्या तीन प्रती केल्या. एक जशीच्या तशी. एक दीडपट जलद, म्हणजे १६ ने घेऊन २४ ने दाखवल्यावर दिसावी तशी. आणि एक दोन तृतीयांश वेगाची, म्हणजे त्याच्या उलट. मग झोपाळ्यावर बसलेल्या आजींना काहीच न सांगता क्रम बदलून, आधी जलद, मग संथ आणि शेवटी जशीच्या तशी, अशा एकामागून एक दाखवल्या. पहिली बघून त्या म्हणाल्या, "ह्याला कुठेतरी पोचायचंय, घाईत आहे." दुसरी बघून म्हणाल्या, "हा कोणी थोराड आहे. पाय बघ किती जड टाकतोय." तिसरीला त्यांनी नातू ओळखला आणि शाल कशाला घेतली म्हणून रागावल्या.

भाचा मामांकडे वळला. "पण खरी तिसरी हे आपल्याला माहीत आहे, कारण मोबाइलने लिहून ठेवलंय. तीस. हे बघा."

मामा डब्याचं झाकण बसवत होते. गंजल्यामुळे ते एका बाजूने वर राहत होतं. "त्याने चकतीकडे आधी बघायला हवं होतं," ते म्हणाले आणि झाकणावर तळहाताने एक ठोसा दिला.